सुलटी होणारी बोट

त्या महिन्यात आमच्या घरात कुणाला धड आंघोळ करता आली नाही, कारण टबमध्ये बोट होती. ब्राउनश्वाइगच्या या फ्लॅटमध्ये टब एकच, आणि त्यावर माझ्या वडिलांनी आणि माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने कब्जा केलेला. मी ऑफिसातून दमून भागून यावं, तर बाथरूमला आतून कडी आणि आत दोघांची दोन भाषांत वादावादी चाललेली.

आई गेल्यापासून पप्पा ठाण्याच्या घरात एकटेच होते. फोनवर "जेवलो" म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं नाही. शेवटी मी त्यांना इकडे आणलं, आणि आणल्यावर ठरवून टाकलं की आता परत पाठवायचं नाही. वकील गाठला, विम्याच्या मागे लागले, आउसलेंडरबेहोर्डेचा, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसचा, टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, मिळवला. इथे एक वेळ लॉटरी लागेल, पण टर्मिन लागत नाही. आता फक्त पप्पांनी हो म्हणायचं बाकी होतं, आणि ते म्हणायचे, "बघू." त्या 'बघू'ने माझं डोकं उठायचं.

नातीशी मात्र त्यांचं छान जमलं होतं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधूनच येतं. जर्मन लोकांचा होकार कानाला 'या' असा ऐकू येतो. पप्पा पहिल्यांदा दारात उभे राहिले तेव्हा ही बया मैत्रिणीशी फोनवर "या, या" करत होती, आणि पप्पांना वाटलं आपलंच स्वागत चाललंय. तो होकार आहे हे मी नंतर सांगितलं, तरी ते म्हणाले, "असू दे. घरात कुणीतरी 'या' म्हणतंय ना."

बोटीचं प्रकरण शाळेमुळे सुरू झालं. तिचा वर्ग उत्तर समुद्राच्या काठी सहलीला जाणार होता. तिथे एका शेडमध्ये एकोणिसाव्या शतकातली वल्ह्यांची जीवरक्षक बोट ठेवली आहे, आणि अशा बोटींवर हिला वर्गासमोर बोलायचं होतं. पप्पांनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवलेला. हातात विषय पडल्यावर ते गप्प बसतात होय!

त्या काळी म्हणे यावरून मोठे वाद होते. एका बाजूचे म्हणायचे, बोट उलटली तरी आपली आपण सुलटी झाली पाहिजे. म्हणून पुढच्या-मागच्या टोकाला उंच हवाबंद पेट्या, तळाला जड लोखंड, आणि आत आलेलं पाणी खाली निघून जायला नळ्या. दुसरे म्हणायचे, अशी बोट जड होते आणि उलटतेही लवकर. इथल्या उथळ, वाळूच्या किनाऱ्यावर घोड्यांनी ओढून न्यायची, तर हलकी आणि रुंदच बरी. ती सहसा उलटत नाही. उलटली तर मात्र उलटीच राहते. लेकीने अर्थातच सुलटी होणारी निवडली.

मग दोघांनी छोटी लाकडी बोट केली, बाटल्यांची बुचं कापून टोकं भरली, तळाला वजनासाठी खिळे ठोकले. खलाशी म्हणून पप्पांनी तुर्की दुकानातून भुईमुगाच्या शेंगा आणल्या आणि त्यांना पेनाने डोळे काढले. लेकीने बोट पालथी घातली, सोडली, आणि ती खरंच डुलत डुलत सरळ झाली. लेक टाळ्या पिटायला लागली. शेंगा सगळ्या टबभर तरंगत होत्या.

"बोट वाचली गं," पप्पा म्हणाले. "माणसं कुठायत?"

मी मोटारींच्या सुरक्षेवर काम करते. गाडी आदळली की आतल्या माणसाचं काय होतं, हे बघायचे मला पैसे मिळतात. पण तेव्हा मी एवढंच म्हटलं, "पप्पा, आंघोळीला जागा द्या."

लेक सहलीला गेली. तिकडे संध्याकाळी थोडा वेळ फोन हातात द्यायचे, तेव्हा ती आजोबांना बोटीचे फोटो पाठवायची. ती गेल्यावर दोन दिवस बरे गेले. मग एका सकाळी पप्पा चहा घेता घेता म्हणाले, "तो सोमवारचा टर्मिन रद्द कर. माझं परतीचं तिकीट बघ."

माझा पाराच चढला. काय काय बोलले! वकील, विमा, रजा, सगळं काढलं. तिथे एकटे पडलात तर कोण बघणार, हेही काढलं. नवरा "अगं, हळू," म्हणत राहिला, त्यालाही झापलं.

पप्पा शांतपणे म्हणाले, "तू सगळं केलंस. पण मला राहा असं एकदा तरी म्हणालीस का? तुझी आई गेली, तू रडलीस, मग कामाला लागलीस. तुझी बोट सुलटी झाली. मी अजून पाण्यातच आहे, बाई."

मी उठून ओट्याशी गेले. रागाने भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासली.

लेक परत आली ती सुतळीचं बंडल घेऊनच. जॅकेटही न काढता बाथरूमकडे पळाली. खऱ्या बोटीला दोन्ही बाजूंनी दोरीच्या माळा असतात, बाहेर फेकलेल्या माणसांना धरायला, असं ती जर्मनमधून घडाघडा सांगत होती. पप्पा सोफ्यावरून हलले नाहीत. तिने मला विचारलं, ओपा, म्हणजे आजोबा, माझ्यावर रागावलेत का?

"काय झालंय पप्पा? पोरीने काय केलं?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून ते तिला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. त्यांनी विचारलं होतं, "मी इथेच राहू का?" खाली तिचं उत्तर होतं, जे आणि ए. त्यांच्या पुढे दुसरं काही नाही.

"लहान पोर खोटं बोलत नाही," पप्पा म्हणाले. "जा म्हणाली. जातो."

मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. फोन लेकीपुढे धरला. "हे आजोबांना मोठ्याने वाच."

तिने वाचलं, "या." आणि आम्ही असे का बघतोय ते न कळून पुन्हा म्हणाली, "या. या, ओपा."

पप्पांनी चष्मा काढला. तो पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा सदऱ्यालाच पुसला. "मग असं लिहायचं ना," एवढंच पुटपुटले. इतके दिवस ते तो शब्द कानाने ऐकत होते, लिहिलेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. जर्मनमध्ये 'जे'चा उच्चार 'य' होतो, हे त्यांना सांगायचं माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी त्यांच्या शेजारी बसले. "राहा ना पप्पा," म्हटलं. "मला तुम्ही इथे हवे आहात."

पप्पा उठून बाथरूममध्ये गेले. बुचाच्या बोटीला दोन्हीकडून सुतळीच्या माळा लागल्या, शेंगांच्या कमरेला दोरे बांधून ते त्या माळांना अडकवले. लेकीने बोट पालथी घातली आणि हात काढून घेतला. बोट सुलटी झाली. शेंगा आत नव्हत्याच, पण बाजूने लोंबकळत होत्या, पेनाचे डोळे फिसकटलेल्या, भिजलेल्या. पप्पांनी वाकून एकेक बोटाने मोजली.

"आहेत," ते म्हणाले. "सगळे आहेत."

मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सोमवारी किती वाजता निघायचंय?"