बदलीची बाई

कुसुमबाईंना विलायतेला जायचं होतं आणि बुऱ्हाणपूर काही त्यांना सोडत नव्हतं. कोणी दुश्मन आडवा आला असता तर दोन शब्द सुनावून वाट काढता आली असती. इथं सगळी मायेचीच माणसं, आणि मायेच्या माणसांपुढं तोंड चालत नाही.

शनवारा दरवाज्याजवळच्या जनाना दवाखान्यात त्या तपाहून जास्त वर्षं नर्स होत्या. नवरा तरणाच गेला, भाऊ वामननं नागपूरला ट्रेनिंगला घातलं, तेव्हापासून पांढरं लुगडं नि लोकांच्या लेकीसुनांची बाळंतपणं. पाय असे सुजायचे की संध्याकाळी चप्पल निघायची नाही. आता लंडनच्या एका इस्पितळानं बोलावलं होतं. काम करायचं नि सोबत शिकायचं. पुढं नर्सेसना शिकवणारी ट्यूटर होता येणार होतं. मात्र सुरुवात शिकाऊ पोरींच्या रांगेतून, बेडपॅन धुण्यापासून.

"इथं वॉर्डाची मालकीण आहेस. तिकडं जाऊन पुन्हा मोरीपाशी बसशील?" वामननं विचारलं होतं.

"बसेन. मालकीण कसली, दादा? दाव्याला बांधलेली गाय आहे मी. ज्याला दूध पाहिजे तो येतो."

नवं राज्य होऊन वर्ष उलटलं होतं. जुन्या राजधानीचं नागपूर तुटलं, हुकूम भोपाळहून हिंदीत यायला लागले. भोपाळनं रजा दिली, पण अट घातली: बदलीची नर्स कामात रुळली असं डॉक्टरीणबाईंनी कळवलं, की मगच कुसुमबाई मोकळ्या. पहिली आली ती बायांनी अंगाला हातच लावू दिला नाही म्हणून परत गेली. "तिचे हात गार हायेत," म्हणाल्या. दुसरीला रडवून पाठवली. दोन्ही वेळा आतून "कुसुमबाई व!" अशी हाक आली आणि दोन्ही वेळा कुसुमबाई धावत गेल्या. धावल्या म्हणूनच अडकल्या, हे त्यांना कळत होतं. पण पायांना कोण सांगणार?

तिसरी कौसल्या. सागर जिल्ह्याकडची, धिप्पाड, हसरी, मराठीचं अक्षर न येणारी. हीही गेली तर लंडनची जागा जाणार होती. तिथले लोक आणखी थांबायला तयार नव्हते.

अशात एके सकाळी दापोऱ्याहून रंभाबाईची बैलगाडी आली. गाडीत सून शोभा, पहिलटकरीण, कळा सुरू झालेली. रंभाबाईच्या तिन्ही लेकी कुसुमबाईंच्या हातांवर मोकळ्या झालेल्या.

"चाल व कुसुमबाई, हात धुय."

"आज कौसल्याबाई बघतील, रंभाबाई. मी इथंच आहे."

"कोन कौसल्या? ती पहिलवानीण? तिले तं आपली बोली बी समजत नही!"

"पोराला कुठं बोली समजते?" कुसुमबाई म्हणाल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी शोभाला तपासलं होतं. सगळं सरळ होतं, फक्त वेळ लागणार होता.

दुपार झाली तरी सुटका होईना. रंभाबाईनं मग आपला उपाय काढला. बाळंतीण अडली की घरातलं कुलूप नि गाठ उघडी करायची, ही तिकडची रीत. तिनं आया मालूबाईला कामाला लावून कपाटं उघडवली, सुनेची वेणी सोडवली, दाराबाहेरच्या बैलांचीसुद्धा दावी सोडायला लावली. बैल निघाले बाजाराकडं. गाडीवान शिव्या देत मागं धावला. मग ती कुसुमबाईंसमोर येऊन उभी राहिली.

"तुही पेटी कुठी हाये? विलायतची?"

"खोलीवर."

"कुलूप घातलं ना? म्हनून अडकलं माह्या सुनेचं! बांधून बसली तू सगळं."

कुसुमबाईंनी कमरेची किल्ली काढून मालूबाईच्या हातावर ठेवली. "उघड जा पेटी. कपडे बाहेर काढले तरी चालतील."

रंभाबाईला वाटलं, आता ही उठेल. कुसुमबाई उठल्या नाहीत.

तेवढ्यात आतून शोभा ओरडली, "कुसुमबाई! ये व माय! ही मले मारून टाकीन!"

कुसुमबाईंचे गुडघे आपोआप उचलले गेले. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. कान लावून ऐकलं. दमलेली होती पोर, घाबरलेली होती. पण आवाज पोटाच्या तळापासून येत होता, त्यात अजून ताकद होती. जिवावर बेतलेली बाई असं ओरडत नाही. तसं असतं तर त्या बोट, लंडन, सगळं सोडून आत गेल्या असत्या. त्या पुन्हा टेकल्या.

आत शोभानं कौसल्येच्या सात पिढ्या काढल्या. कौसल्या मोठ्यानं हसली, तिला बहीण म्हणून आणखी शिव्या मागायला लागली. "और दे गारी, बिन्ना! जित्ती गारी, उत्तो जोर!"

"तुह्या मायले..." शोभा किंचाळली. परत किंचाळली. मग मात्र दुसराच आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला.

मालूबाई धावत बाहेर आली. "पोरगी झाली! दोघी बऱ्या हायेत!"

रंभाबाई आत गेली. बऱ्याच वेळानं आली ती डोळे पुसत, नि कुसुमबाईंकडं न बघता भिंतीकडं बघत बोलली.

"तिचे हात गरम हायेत. पाचवीच्या पूजेले तिले बोलावलं मी."

"चांगलं केलं."

"तू उठली नही."

"नाही उठले."

"पोर तुह्या नावानं बोंबलू राह्यली होती, आन् तू बाकावर बसून राह्यली."

कुसुमबाईंनी बाकाची अजून धरलेली कड सोडली. हो, बसून राहिले. उठण्यापेक्षा ते जड होतं. हे रंभाबाईला सांगून काय उपयोग?

"जाय मंग," रंभाबाई म्हणाली. "आता जाय तू."

ती बैल सापडले का ते बघायला निघून गेली. डॉक्टरीणबाई दारात आल्या, म्हणाल्या, भोपाळला आजच कळवते. कुसुमबाईंनी मान हलवली. आनंद व्हायला हवा होता. तो पुढं केव्हातरी होईल, बोटीवर म्हणा, नाहीतर त्या परक्या मोरीपाशी. आत्ता त्यांनी चपला काढायचा प्रयत्न केला. निघाल्या नाहीत. मग तशाच, बाकावर पाय वर घेऊन, भरदिवसा, येणाऱ्या-जाणाऱ्या बायांदेखत त्या आडव्या झाल्या. कोणीच त्यांना उठवलं नाही.