दादांचा वाढदिवस आणि आमची तोंडी परीक्षा

खाण्याचे शौकीन बुलढाण्यात गल्लोगल्ली सापडतील. पण दुसऱ्याच्या तोंडानं पोटभर जेवणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्याच नात्यात निघाला. माझ्या धाकट्या साडूचे हे थोरले भाऊ. सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ते तहसील कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा साहेबांपेक्षा फाटकासमोरच्या आलूबोंडेवाल्याचा चेहरा जास्त उतरला होता. ऐन उमेदीत दादा पंगतीला बसले की वाढपी हळूच दुसऱ्या बाजूला सरकत. लग्नाची पत्रिका हाती आली की नवरा-नवरीची नावं वाचायच्या आधी ते विचारत, "आचारी कोन हाय?" त्या उत्तरावर आहेराची जातकुळी ठरे.

मग त्यांना साखरेनं गाठलं. साखरेनं आपल्याबरोबर रक्तदाब आणला, आणि दोघांनी मिळून एकदा दादांना अकोल्याच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथून घरी आले ते वहिनींच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायलाच. तळलेलं, तुपातलं, गोडधोड, झणझणीत, सगळं बंद. आम्हाला वाटलं, चार दिवसांचं वैराग्य आहे, पहिल्या लग्नसराईत वाहून जाईल. पण दादांनी शपथ अशी पाळली की डॉक्टरही बिचकले. ज्वारीची भाकर आणि पचपचीत वरण ते मुकाट्यानं गिळू लागले. एक पळवाट मात्र त्यांनी शोधली. आपण खायचं नाही, आम्हाला खाऊ घालायचं, आणि कसं लागतं ते आमच्याकडून वदवून घ्यायचं.

वाचणाऱ्याला हा सुखाचा धंदा वाटेल. मलाही वाटला होता. थंडीत दादांचा वाढदिवस येतो. त्या दिवशी ते मला आणि त्यांच्या शाळेपासूनच्या दोस्ताला, गंगाधररावांना, सकाळीच बाहेर काढतात. गाडी गंगाधररावांची, चालवतातही तेच. बँकेत कॅशियर होते; नोटा मोजताना बोलायचं नाही ही सवय त्यांनी पुढेही सोडली नाही. मी जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे वर्णनाची सगळी भिस्त माझ्यावर. पहिल्याच वर्षी शेगावात गरम कचोरी माझ्या हातात देऊन दादांनी विचारलं, "मास्तर, कशी लागून राह्यली?"

"चांगली आहे."

"चांगला तं माहा जावईबी हाय. कचोरी कशी हाय ते सांगा."

"खुसखुशीत आहे."

"खुसखुशीत म्हंजे? दातानं तुटते का ओठानंच? बडीशेप पह्यले लागते का मागून येते?"

मी डोळे मिटून बडीशेपेची वाट पाहू लागलो. दादा माझ्या जबड्याकडे असे पाहत होते, जणू तो त्यांनी मला वापरायला दिला आहे. शेवटी ते गंगाधररावांकडे वळले. "तू सांग बे."

"गरम हाय."

"आनखी?"

"आता थंडी झाली."

यंदाही आम्ही याच तयारीनं निघालो. चिखलीला चहा झाला. आलं किसलेलं आहे की ठेचलेलं, यावर माझी उलटतपासणी झाली आणि मी काठावर पास झालो. पुढचा मुक्काम अमडापूरच्या शिवारात, दादांच्या ओळखीच्या पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याकडे. त्यानं गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाडजूड रोडगे भाजले होते आणि बाजूला मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. दादा माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि प्रश्न विचारायला त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात पुंजाजीची म्हातारी आई तिथं आली. तिला फारसं दिसत नाही, आणि दादांची शपथही ठाऊक नव्हती. तिनं रोडगा कुस्करला, त्यावर तुपाची धार धरली, भाजीत कालवला आणि चाचपत चाचपत घास दादांच्या तोंडापाशी नेला. "खाय बाबा. वाढदिवस हाय म्हनते तुहा."

पुंजाजी हातानं खुणा करत होता, पण त्या म्हातारीला कशा दिसाव्यात? दादांनी माझ्याकडे पाहिलं, गंगाधररावांकडे पाहिलं. मग तोंड उघडलं आणि घास घेतला.

आम्ही जेवायचे थांबलो. इतकी वर्षं आमच्याकडून चवीचा कीस काढून घेणारा माणूस आता काय बोलतो, हे ऐकायला मी कान टवकारले होते. दादांनी सावकाश चावलं, गिळलं, वर लोटाभर पाणी प्याले. डोळ्यांतून धार लागली होती.

"तिखट हाय," ते म्हणाले. पुढे काही नाही. जीभ इतक्या वर्षांत सवय मोडून बसली होती.

मग कचोरीसाठी आम्ही शेगावच्या रस्त्याला लागलो. दादा खिडकीबाहेर पाहत होते. खामगाव जवळ आलं तेव्हा वहिनींचा फोन आला. दादांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचे फोन साऱ्या गाडीला ऐकू येतात.

"गोळी घेतली काय?"

"घेतली." मग थोडं थांबून, "म्या एक घास खाल्ला. रोडग्याचा. तूप होतं."

गंगाधररावांनी गाडी कडेला घेतली. मी दादांकडे न पाहता समोरच्या कडुनिंबाकडे पाहत होतो.

"वांग्याची भाजी बी होती काय?" वहिनींनी विचारलं.

"होती."

"मंग येतानी माह्यासाठी दोन रोडगे आना. भाजी डब्यात आना."

दादांना उमगेना. "तू खाते?"

"डॉक्टरनं तुमाले नाही म्हनलं. मले कुठं म्हनलं होतं? तुमच्यासमोर कसं खावं म्हून नाही खाल्लं इतके वर्स."

दादांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "गंग्या, वापस घे." गंगाधररावांनी शेगावच्या दिशेला एकदा पाहिलं आणि गाडी वळवली.

ऊन कलताना आम्ही बुलढाण्यात त्यांच्या घरी पोचलो. पुंजाजीकडून घेतलेलं रोडग्यांचं गाठोडं येताना दादांनी मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. वहिनींनी हात धुतले आणि स्वयंपाकघरातच पाटावर बसल्या. तूप दादांनी वाढलं, चांगलं सढळ हातानं, आणि पाण्याचा तांब्या भरून समोर बसले. वहिनी खाली मान घालून जेवत होत्या, भराभर, भूक लागलेल्या पोरीसारख्या. दादा नुसते पाहत होते. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही.

मी दारात उभा होतो. निघतो म्हणून सांगावं, वाढदिवसाचं काही चांगलं बोलावं, असं मनात होतं. गंगाधररावांनी माझ्या कोपराला धरून मागं ओढलं.

"चला मास्तर," ते हळूच म्हणाले, "आता आपलं इथं काही काम नाही."