पाठमोरे अण्णा

गिटार ऐकायची असली की अण्णा तिच्याकडे पाठ करून बसायचे. राजारामपुरीतल्या त्यांच्या खोलीत कोणी नवी गिटार घेऊन आला, की खुर्ची भिंतीकडे फिरवायची आणि म्हणायचं, "दिसतंय त्ये सांगू नगंस. वाजीव." दोन-चार सुरांत गिटार कसली आहे याचा निकाल लागायचा. आमच्या ऑर्केस्ट्रात ते गिटार वाजवायचे आणि मी गायचे, त्यामुळे हा खेळ मी पुष्कळदा पाहिला.

त्यांचा सगळा जीव पिकअपमध्ये. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार असते, तारेची थरथर तीच उचलून स्पीकरकडे पाठवते. असं वेटोळं एकच असलं तर आवाज पातळ, काचेसारखा स्वच्छ. पण मागे सतत एक घूं चालू. दोन वेटोळी शेजारी बसवली की ती एकमेकांची घूं मारतात आणि आवाज जाड, भरल्या घरासारखा येतो. दुकानात पहिल्याला सिंगल कॉइल म्हणतात, दुसऱ्याला हमबकर. अण्णा म्हणायचे, एकटं आणि जोडीचं.

त्यांना एकटंच आवडायचं. गाणं संपल्यावर बाकीचे आपापले स्पीकर बंद करायचे, अण्णांचा स्पीकर मात्र घूं करत राहायचा. मी एकदा वैतागून बंद करायला सांगितलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. कोणतरी घरात हाय असं वाटतंय."

त्यांच्या घरात कोणी नव्हतं. धाकटा भाऊ शिवू मी ऑर्केस्ट्रात येण्याआधीच गेला होता. मूळचे हे कबनूरचे. यंत्रमागांच्या खडखडाटात दोघं एकाच गिटारवर शिकले. शिवू कागलच्या एमआयडीसीत नोकरीला लागला तरी कार्यक्रम सोडत नसे. रत्नागिरीकडच्या एका कार्यक्रमाहून परतताना कामावर वेळेत पोचायचं म्हणून तो पहाटे मोटरसायकलवर पुढे निघाला, गिटार पाठीला बांधून. बाकीचे टेंपोतून मागून आले. मलकापूरच्या अलीकडे धुक्यात त्याची गाडी उतारावरून खाली गेली. दुपारी तो सापडला. गिटार सापडली नाही. पडल्या जागी एकटाच गेला असणार, असं पोलिसांनी सांगितलं, आणि अण्णा त्या एका वाक्यात अडकून राहिले.

काही वर्षांनी मलकापूरजवळच्याच एका जत्रेत आमचा कार्यक्रम होता. आमच्याआधी तिथल्या पोरांचा बँड वाजवत होता. आम्ही मंडपामागे चहा पीत होतो. गाणं थांबलं, मागे घूं उरली, आणि अण्णांनी कप खाली ठेवला. "ही शिवूची," ते म्हणाले.

आम्ही पुढे गेलो. तिशीतल्या एका माणसाच्या गळ्यात निळी गिटार होती. शिवूची लाल होती, हे अण्णांकडूनच ऐकलेलं. पिकअपही चक्क जोडीचं दिसत होतं, म्हणजे घूं यायलाच नको. मी तसं म्हटलं.  बँड उतरल्यावर त्यांनी त्या माणसाला विनंती करून गिटार मांडीवर घेतली, स्पीकरला जोडली आणि पिकअपच्या दोन्ही वेटोळ्यांवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवलं. एकावर स्पीकरमधून टक आवाज आला. दुसऱ्यावर काहीच नाही. शिवूच्या गिटारचं एक वेटोळं तुटलं होतं आणि अण्णांनीच ते बाजूला काढून उरलेल्यावर गिटार चालू करून दिली होती. दिसायला जोडीचं, वाजायला एकटं. मागची पट्टी उघडली तर तारा जोडणारा कथलाचा डाग त्यांच्याच हातचा होता.

ही कुठून आली, असं विचारल्यावर त्या माणसाने आम्हांला घरी नेलं. वडील खाटेवर होते. गिटार पाहून आणि अण्णांकडे पाहून म्हाताऱ्याने आधी हात जोडले, मग सांगितलं. त्या सकाळी तो जनावरं घेऊन निघाला होता. शिवूचं डोकं त्याने मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. शिवू शुद्धीवर होता. जीव गेल्यावर म्हातारा पोलिसांच्या भीतीने पळाला. गिटार कोणी चोरू नये म्हणून घरी आणली आणि मग आपणच चोर ठरू म्हणून दडवली. पुढे पोराने ती रंगवून घेतली.

अण्णांनी विचारलं, काही बोलला का?

"भाऊ मागनं टेंपोत येतोय, त्येला थांबवा, म्हणला," म्हातारा म्हणाला. "म्या वर रस्त्यावर जाऊन हात केला, पावणं. टेंपो आला. थांबला न्हाय."

 अण्णा म्हाताऱ्याच्या पायांवर हात ठेवून उठले. गिटार त्यांनी तिथेच ठेवली. दुसरं वेटोळं दुरुस्त करू नको, एवढं पोराला सांगितलं. परतताना मला म्हणाले, "दिसला हुता गं मला. धुक्यात हात वर केलेला माणूस. वाटलं, कोणतरी फुकट गाडीत बसायला बघतोय. ड्रायव्हरला मीच म्हणलो, चल."

त्यानंतर अण्णा नेहमी ड्रायव्हरशेजारी बसू लागले. कुठेही कोणी हात केला की गाडी थांबायची. बाजारकऱ्यांच्या पाट्या, शाळेची पोरं, एकदा तर एक बोकडही आमच्या स्पीकरांवर बसून आला. आम्ही कार्यक्रमांना उशिरा पोचायचो. कोणी तक्रार केली नाही.

गेल्या वर्षी अण्णा झोपेतच गेले. या हिवाळ्यात त्याच रस्त्याने परतत होतो. सकाळची वेळ, दाट धुकं. मलकापूरच्या अलीकडे ड्रायव्हरने न सांगता टेंपो बाजूला घेतला. कोणीतरी हात केल्यासारखं वाटलं, म्हणाला. मी दार उघडलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तरी कोणी 'चल' म्हणेना. दार उघडं ठेवून आम्ही तसेच बसून राहिलो, धुकं आत येत राहिलं.