गोल बसायचं ट्रेनिंग

माणसांना गोल बसवून "मोकळं बोला" म्हटलं की एकही जण बोलत नाही, पण सांगण्यासारखं मात्र इतकं साचतं की विचारू नका! अमरावतीत विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांचं असंच एक ट्रेनिंग मी घेतलं. बॅनरवर नाव होतं 'पुनर्स्थापक न्याय व संवाद'. म्हणजे भांडण झालं की शिक्षा कोणाला, हे नंतर. आधी नुकसान कोणाचं झालं आणि ते भरून कसं काढायचं, हे दोघांना समोरासमोर बसवून विचारायचं. इतकं साधं. पण कर्मचाऱ्यांना पहिल्या मिनिटापासून वाटत होतं की यात काहीतरी डाव आहे. मी इथल्याच राजापेठेत वाढलेली, त्यामुळे मला त्यांचं फारसं चुकलं असंही वाटलं नाही.

* * *

पहिल्या सकाळी मी टेबलं बाहेर काढून खुर्च्या गोल मांडल्या. अधीक्षक गावंडे साहेब दारातच थबकले.

"टेबल काहून काढले? चौकशी आहे काय?"

"नाही हो साहेब. मध्ये आडोसा नको म्हणून."

हे ऐकल्यावर तर सगळेच सावध झाले. जो येई तो आपली खुर्ची हळूच मागे सरकवी. चहा येईपर्यंत वर्तुळ हॉलएवढं झालं होतं आणि प्रत्येकाची पाठ भिंतीला टेकलेली! एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

* * *

ओळखीसाठी सोपा प्रश्न ठेवला होता: "ऑफिसात तुम्हाला कशानं बरं वाटतं?"

पहिला म्हणाला, "साहेबांच्या मार्गदर्शनानं." दुसरा म्हणाला, "तेच." पुढे अख्खं वर्तुळ "तेच, तेच" करत फिरून आलं. शेवटी आस्थापना विभागातल्या राऊतताई उरल्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मॅडम, पह्यले तुमी सांगा. तुमी कोनाचं मानूस आहा?"

"कोणाचीच नाही."

"मंग तं कठीणच आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली.

* * *

"इथलं बोलणं इथंच राहील," असं मी सांगितलं. लगेच एक जण उठला, खुर्चीवर चढला आणि छतावरच्या गोल पांढऱ्या डबीवर त्यानं रुमाल बांधला.

"अहो, तो कॅमेरा नाही! धुराचा अलार्म आहे."

"तसंच दिसाले पाह्यजे ना मॅडम!" तो म्हणाला. वर्तुळातून समजूतदार माना हलल्या. रुमाल शेवटपर्यंत तिथंच राहिला आणि खरं सांगायचं तर नंतर मीही त्याच्याखाली बसून जरा हळू बोलायला लागले.

* * *

वानखडे रोज अकोल्याहून यायचे. बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून ऑटोनं धापा टाकत पोचायचे, पण एकही दिवस चुकवला नाही. त्यांचे जुने दोस्त ढोके शेजारची खुर्ची रुमाल टाकून धरून ठेवत. मला वाटलं, वा, निदान एकाला तरी विषयाची गोडी आहे!

एकदा चहाच्या वेळी वानखडे मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ते खरं बोलनं कोन्या दिवशी आहे?"

"रोजच आहे की!"

"तसं नाई जी. मी अमरावतीतच होतो. कोनीतरी साहेबाले सांगतलं, वानखडे ड्युटी सोडून फिरते. तवा झाली बदली अकोल्याले. बदलीचं जाऊ द्या. पन कोनं सांगतलं, हे समजल्याबिगर मले कोनासंगच चहा गोड लागत नाई. सगळे दोस्त आहेत अन् सगळ्यायवरच शक आहे. ढोके सोडून."

मला त्यांची फार दया आली. हा माणूस न्यायाचं नावही न काढता नुसतं एक नाव मागत होता आणि माझ्याकडे होते फक्त रंगीत कागद न् मार्कर.

* * *

नीट ऐकण्याचा सराव होता. एकानं अडचण सांगायची, दुसऱ्यानं ती आपल्या शब्दांत परत सांगायची. राऊतताई गावंडे साहेबांच्या वाट्याला आल्या. संधी त्या कशाला सोडतात!

"माही रजा मंजूर होऊन नाई राहिली."

गावंडे साहेब चष्मा पुसू लागले. मी म्हटलं, "साहेब, त्या काय म्हणाल्या तेवढंच सांगायचंय."

"समजतं मले. पन माह्या तोंडातून 'राऊत, रजा, मंजूर' असं एकासंग निंघालं, तं ह्या उद्या येतीन काय?"

राऊतताईंनी तेवढ्यात मोबाईल पर्समध्ये ठेवून दिला. रेकॉर्डिंग बंद केलं असावं.

* * *

शेवटच्या दिवशी नाटुकलं. मी चिठ्ठीवर चार ओळींचा प्रसंग लिहिला होता: एका विद्यार्थ्यानं वाचनालयाची काच फोडली आणि नाव तिथल्या शिपाईकाकांचं सांगितलं. आता त्यानं काकांची माफी मागायची. विद्यार्थी झाले ढोके, काका झाले वानखडे. पन्नाशीतला टकलू विद्यार्थी पाहून हॉल खदखदून हसला.

ढोकेंनी चिठ्ठी धरून वाचलं, "काका, काच म्या फोडली अन् नाव तुमचं सांगतलं."

"छान," मी म्हटलं. "आता तुमच्यामुळे काकांचं नुकसान काय झालं, ते सांगा."

ढोकेंनी पुन्हा चिठ्ठीत पाहिलं.

"तू त्या दिवशी फिराले नव्हता गेला. वैनीले दवाखान्यात घेऊन गेला होता. मले सांगूनच गेला होता. साहेबायनं विचारलं, वानखडे कुठी आहे, तं म्या म्हनलं, असन कुठी फिरत. तो नेहमीच फिरते."

दोघं-तिघं आधीच्या ओघात हसले आणि मग थांबले. माझ्या चिठ्ठीत काच होती, विद्यार्थी होता, काका होते. दवाखाना नव्हता.

गावंडे साहेब पंख्याकडे पाहत होते. ढोके अजून चिठ्ठीच वाचत असल्यासारखे खाली मान घालून उभे होते. वानखडे खुर्चीतून उठले नाहीत.

"ढोके," ते म्हणाले, "कागद खाली ठेव. आता माह्याकडं पाहून सांग."