ड्युएटची कवळी

नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या स्लाऊ गावातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात सोल नावाचं अमेरिकन धाटणीचं भावुक संगीत गाणारा एक म्हातारा गायक यायचा. जांभळा सूट, रुमालही जांभळा, आणि वाक्याचा शेवट कोरससारखा दोनदा म्हणायची खोड. आपली जुनी गाजलेली गाणी तो तरुण गायिकांबरोबर ड्युएट म्हणून नव्यानं रेकॉर्ड करत होता, आणि तक्रार मी बनवलेल्या कवळीची होती.

“एकटा गायचो तेव्हा तोंड मिटायची वेळच यायची नाही. आता तिची ओळ संपेपर्यंत गप्प बसावं लागतं. तेवढ्यात तुझी कवळी सुटते, डॉक, सुटते.”

मी कवळी घासली, पुन्हा बसवली. त्याला ट्रायल हवी होती. म्हणजे बाईच्या ओळी मी म्हणायच्या. मी जन्मात आरतीपलीकडे काही गायलेलो नाही. तरी मास्क खाली ओढून त्या म्हाताऱ्याला ‘सोडून जाऊ नकोस’ अशा इंग्रजी विनवण्या करू लागलो. तो डोळे मिटून ऐकायचा आणि स्वतःची ओळ आली की माझा हात घट्ट धरायचा. बाहेरचे पेशंट मासिकं चाळायचं विसरून ऐकत बसत.

चौथ्या खेपेला कवळी हलली नाही. जाताना म्हणाला, “घाई करतोस, डॉक, घाई करतोस. पण मनापासून गातोस.”

वर्षभरानं स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ते गाणं लागलं. कवळी पक्की होती. ती मुलगी सुरेल होती, पण विनवणीत काही जीव नव्हता.

“अहो, कुणाचं हो हे गाणं?” बायकोनं विचारलं.

“आमचं,” मी म्हणालो.