झडतीमावशी आणि बुरख्याची पाटी

झडतीमावशी माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. नाक्यावर बस थांबली की आम्ही सगळे उतरणाऱ्यांचे चेहरे न्याहाळायचो आणि मावशी बाकड्यावर बसल्या बसल्या पाय बघायच्या. कमरेला तांदळाची पिशवी बांधलेली बाई आधी टाच टेकवते आणि पाऊल जरा फाकून टाकते, असा त्यांचा सिद्धान्त होता. "तोंड सोंग करस, भाऊ. टाचले सोंग येत नही," असं म्हणून त्या उठत. ज्या बाईला त्या आडोशात नेत, तिच्या लुगड्याखालून दोन-तीन शेर तांदूळ बहुतेक वेळा निघेच.

साठ साली एका राज्याची दोन झाली आणि नवापूरला लागून हद्द आली. पुढे टंचाईच्या वर्षांत तांदूळ हद्दीपार न्यायला बंदी झाली, तेव्हा सडकेवर हा नाका बसला. मी तिथे कारकून होतो. पुरुषांची झडती शिपाई घेत आणि बायकांची मावशी, तरटाच्या आडोशात. मावशी मूळच्या धानोऱ्याच्या. नवरा पोलिसात होता, तो गेल्यावर कुणीतरी त्यांना या कामावर लावून दिलं होतं.

संशय घेण्यात त्या कुणाचीही भीडभाड ठेवत नसत. कडेवरचं पोर फार शांत झोपलेलं दिसलं की दुपटं वर करून बघत. वरातीतली नवरीही त्यांनी सोडली नव्हती. पहिला महिनाभर तर त्या रोज सकाळी माझी पिशवी दाबून पाहत. एकदा मी चिडलो. "मावशी, मी सरकारी माणूस आहे!"

"म्हनीसन तं," त्या शांतपणे म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उघडून आत डोकावल्या.

मात्र तरटाच्या आत काय दिसलं, ते बाहेर कधी आलं नाही. कुणाचं लुगडं फाटकं, कुणाच्या पाठीवर वळ, कुणाचे दिवस भरत आलेले, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. शिपाई चहा पिताना चावटपणे विचारत. मावशी बशीतला चहा संपवून उठून जात. आईने मुलीला जिथे निर्धास्त पाठवावं अशी ती जागा होती, हे मला फार उशिरा कळलं.

दर मंगळवारी हमीदाबी यायची. जातीची मणियार. काळा बुरखा, डोक्यावर बांगड्यांची टोपली. हद्दीपलीकडच्या खेड्यांत घरोघर बसून ती बायकांना बांगड्या भरायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात दिराचा शब्द चाले, पण चूल पेटायची ती हिच्या टोपलीवर. पहिल्याच खेपेला मावशींनी तिच्या टोपलीच्या तळातून दोन शेर तांदूळ काढला होता. तेव्हापासून तिची झडती सगळ्यांत कसून होई आणि सगळ्यांत जास्त वेळ चाले. तरटामागून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. खरं सांगतो, मला मावशींचाच संशय यायला लागला होता. एवढं हसण्यासारखं त्या झडतीत काय होतं?

अशात नवे साहेब आले. पुण्याकडचे, तरुण, कडक इस्त्रीचे आणि सुधारकी विचारांचे. चहाच्या टपरीवर ते आम्हाला व्याख्यान देत. "सरकारने एकदा कायदाच करून टाकावा. बुरखा बंद! दोन दिवस ओरडतील, तिसऱ्या दिवशी सवय होईल." मी मान डोलवायचो, आणि ती वरवर नव्हे. बुरखा मला कधीच आवडला नव्हता. समोरचं माणूस आपल्याला बघतंय आणि आपल्याला ते दिसत नाही, याची मला चीड यायची.

एका सोमवारी साहेबांनी मला पाटी रंगवायला सांगितली. माझं अक्षर वळणदार होतं. मी झोकात लिहिलं : 'बुरखा घालून नाका ओलांडण्यास सक्त मनाई आहे. चेहरा उघडा ठेवावा.' मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि थेट साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, मी तोंड दखीसन आजपावत कोनले धरं? मले तोंड लागतच नही."

"मावशी, प्रश्न फक्त तांदळाचा नाही. या बायकांना मोकळं करायचंय आपल्याला."

"मंग ते तांदुयना नाक्यावर कसाले?"

साहेबांनी मला पाटी खांबावर टांगायला सांगितली. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. हमीदाबी बसमधून उतरली, मी तिला पाटी वाचून दाखवली. ती म्हणाली, "मावशी के सामने तो हर बार निकालती मैं." साहेब म्हणाले, "इथेच काढा, सगळ्यांसमोर." बसच्या खिडक्यांतून पंचवीस-तीस पुरुष माना बाहेर काढून बघत होते. हमीदाबीने टोपली पुन्हा डोक्यावर घेतली आणि ती पायी नवापूरकडे वळली. लांब जाईपर्यंत टोपलीतल्या बांगड्या वाजत होत्या.

त्याच आठवड्यात शहाद्याकडच्या एका मोठ्या गुजर पाटलाच्या घरच्या बायका लग्नाला सुरतेकडे निघाल्या होत्या. जीपगाडीतून पाटील आणि मागून चौघी उतरल्या. चौघींचे पदर हनुवटीपर्यंत ओढलेले. मावशी तरटाशी न जाता भर सडकेवर त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तोंड उघडा, बाई. साहेबना हुकूम शे."

पाटील लालबुंद झाला. साहेब धावत आले. "अहो मावशी, काय करताय? यांना नाही ते!"

"पाटीवर काय लिखेल शे, साहेब? तोंड लिखेल शे का धरम?"

मावशींनी चौघींना आडोशात नेलं, नेहमीसारखी झडती घेतली आणि चौघी पदर होते तसे ओढून जीपमध्ये बसल्या. दुपारी साहेबांनी मला पाटी काढायला सांगितली. मुळात पाटी लावायचा वरून काही कागद आला होता का, असं मी तेव्हा विचारलं नाही. आला नसावा, असा माझा आजही संशय आहे.

पाटी गेली, पण पुढचे तीन मंगळवार हमीदाबी आली नाही. मावशी म्हणाल्या, "तिना पाय मोडना नही. कोन्हीतरी तिले बसाडेल शे." चौथ्या मंगळवारी दुपारी त्या मला बरोबर घेऊन तिच्या घरी गेल्या. दारात दीर होता. त्याने आम्हाला आत बोलावलं नाही.

"भाभी अब बाहर नहीं जाती," तो म्हणाला. "सरकारनेच बोला ना, बुरखे में नहीं जाने का. बिना बुरखे के हम भेजते नहीं. बात खतम."

"पाटी निघाली," मी म्हणालो.

"आज निकली, कल फिर लगेगी." त्याचा चेहरा समाधानी होता. त्याला हवं असलेलं कारण आम्ही आयतं हातात दिलं होतं.

मावशींनी त्याच्याशी हुज्जत घातली नाही. उंबऱ्यावर बसकण मारली आणि आत हाक दिली, "हमीदा, मले बांगड्या भरना शेत." दीर चपापला. मीही. विधवा बाईने काचेची बांगडी मागायची? पण गिऱ्हाईक दारात बसलेलं, त्याला नाही म्हणता येईना. हमीदाबी टोपली घेऊन पडद्याआडून आली. डोक्यावरून ओढणी, चेहरा उघडा. मी मान फिरवली. तिने मावशींचा हात हातात घेतला.

"मावशी, आप के हाथ में कैसे भरूं?"

"भर. मन्हा हातले कोन मना करस ते दखसू."

तिने दोन हिरव्या बांगड्या भरल्या. भरताना हळूच विचारलं, "पाटी निकल गई?"

"निंघी गयी."

"यहाँ की नहीं निकलती, मावशी," ती म्हणाली आणि आत गेली. पुन्हा ती नाक्यावर कधीच दिसली नाही. टोपली पुढे दीर घेऊन जायचा.

त्या बांगड्यांवरून नाक्यावर, टपरीवर, धानोऱ्यातल्या भाऊबंदांत फार कुजबुज झाली. मावशींनी त्या उतरवल्या नाहीत. पुढच्या वर्षी नाका उठला आणि त्यांचं काम संपलं. मी त्यांना बसवर पोचवायला गेलो. पाटी रंगवल्याची बोच मला होती, ती मी त्यांच्यापाशी बोलून दाखवली. त्या काहीतरी समजुतीचं बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी प्रथमच माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"भाऊ, तुन्हं अक्षर भलतं चांगलं शे," त्या म्हणाल्या. "म्हनीसन तुन्हावर जास्ती नजर ठेवनी पडस."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.