झाकलेले गुडघे

बॅले नाचताना मुली कमरेभोवती आडवा, ताठ पसरून राहणारा जाळीचा झगा घालतात, त्याला टूटू म्हणतात. कोल्हापुरात त्याला छत्रीचा फ्रॉक म्हणत आणि तो पांढऱ्या सलवारीवर घालत. जगात दुसरीकडे कुठं असा घालत असतील असं वाटत नाही. पण मीनाबाईंच्या क्लासात चौदा-पंधरा वर्षं हेच चाललं होतं, आणि एखादी गोष्ट इतकी वर्षं चालली की आपल्याकडे तिला परंपरा म्हणतात.

मीनाबाई मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई. वडील धोंडीराम मूळचे जयसिंगपूरकडचे, पुण्यात कॅम्पात एका पारशी बाईंच्या बंगल्यावर माळी होते. ती म्हातारी घरातच बॅले शिकवायची. माळ्याची पोर रोज खिडकीतून बघते म्हणून एक दिवस तिनं तिला आत घेतलं आणि वाकलेल्या गुडघ्यावर पट्टी मारून सांगितलं, की बाकी काहीही खोटं चालेल, गुडघा खोटा चालणार नाही. मीनाला ते पटलं. दुर्दैवानं जन्मभर पटलं.

लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर, ब्याण्णव सालच्या सुमाराला, त्यांनी क्लास काढायचं मनावर घेतलं. जागा मिळेना. आडनाव सांगितलं की काल मोकळी असलेली खोली आज दिलेली निघायची. शेवटी गणपतरावांनी आपल्या खताच्या दुकानावरचा हॉल दिला. त्यांना सगळे आण्णा म्हणत. त्यांनी आडनाव विचारलंच नाही, अट मात्र घातली.

"नाच शिकवा, काय बी करा. पर पोरींचं पाय दिसायला न्हाई पायजेत. खाली माझं गिऱ्हाईक बसतंय."

मीनाबाई हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या! सलवार आली ती नुसती गॅदरिंगपुरती आली नाही, रोजच्या क्लासालाही आली. क्लास सोडताना थोरली मुलगी आपला फ्रॉक आणि सलवार धाकटीच्या हातात द्यायची, दोघी डोळे पुसायच्या, बघायला आलेल्या आयाही पुसायच्या. गावाला मोठं कौतुक. मीनाबाई मात्र आतल्या आत चरफडायच्या.

"ह्या गावात गडी लंगोट लावून मांडी थोपटतो तवा फेटे उडत्यात," त्या नवऱ्याला ऐकवायच्या, "आणि माझ्या पोरींचा गुडघा दिसला की आभाळ कोसळतंय. मी काय शिकवते ते आजवर एका माणसानं बघितलेलं न्हाई." नवरा बिचारा पेपरातून मान वर न काढता हं म्हणायचा.

रागावून रागावून माणूस थकतं. दिवसभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकायची आणि संध्याकाळी आण्णांचा उभा जिना चढायचा. सुरुवातीला बाई पट्टी घेऊन मुलींमधून हिंडायच्या. मग हॉलमध्ये खुर्ची आली. खुर्चीतून त्या "गुडघा!" म्हणून ओरडायच्या, मुली "व्हय बाई" म्हणायच्या आणि टेप सुरू व्हायचा.

दोन हजार सहा साली त्यांनी ठरवलं, हे शेवटचं गॅदरिंग. बास झालं. पण जाता जाता एकदा तरी लोकांना पाय दिसू देत. आण्णांची नात अनुजा क्लासातली सगळ्यात गुणी मुलगी, चौदा वर्षांची. निदान तिचा एकटीचा नाच तरी सलवारीवाचून व्हावा. भांडायचं पक्कं करूनच त्या खाली दुकानात गेल्या.

आण्णा आता म्हातारे झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"घालू द्या की," ते म्हणाले. "टीव्हीवर काय काय बघतोय आता. आधीच इचारायचं हुतं, बाई. मी कुठं न्हाई म्हणणार हुतो?"

मीनाबाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना.

त्यांनी पुण्याहून कमरेपर्यंतचे घट्ट पांढरे मोजे मागवले. अनुजा ते घालून, वर फ्रॉक चढवून हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली. पोर लाजून लाल झाली होती.

"टाचा उचल," मीनाबाई म्हणाल्या.

अनुजानं टाचा उचलल्या. हात सुरेख, मान सुरेख. आणि दोन्ही गुडघे वाकलेले.

"गुडघे ताठ कर."

"ताठच हायत की, बाई."

तिला खरंच तसं वाटत होतं. मीनाबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी बाकीच्या मुलींना सलवारी वर ओढून उभं केलं. एकीचाही गुडघा सरळ नव्हता. ढगळ सलवारीच्या आत कुणाला काय दिसतंय! कोल्हापुराला दिसलं नव्हतं हे खरं, पण बाईंनाही दिसलं नव्हतं, आणि बघणं हे तर त्यांचंच काम होतं.

गॅदरिंग आठवड्यावर आलं होतं. इतक्यात काही गुडघा सुधारत नाही. "सलवार घाल," त्या अनुजाला म्हणाल्या आणि मोजे घडी करून पिशवीत टाकले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. पोर काही खुळी नव्हती.

नाच झाला. नेहमीसारख्या टाळ्या पडल्या, मागच्या रांगांतून शिट्ट्याही. आण्णा काठी टेकत पुढं आले आणि म्हणाले, "मी हो म्हटलं हुतं, तरी परंपरा राखलीसा. बरं केलंसा, बाई." मीनाबाई हसल्या. त्या हसण्याची त्यांना फार लाज वाटली.

पडद्यामागून बाकीच्या मुली आयांबरोबर निघून गेल्या. अनुजा बाकावर तशीच बसून राहिली.

"बाई," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर माझं गुडघं सरळ झालं असतं का वो?"

सांगायला पुष्कळ होतं. आण्णांची अट होती, न मिळालेल्या जागा होत्या, शाळेतली शिट्टी होती, तो जिना होता. सगळं खरं होतं.

"व्हय," मीनाबाई म्हणाल्या. "झालं असतं."

आता ही रडणार असं त्यांना वाटलं. अनुजानं नाक ओढलं, सलवार गुडघ्याच्या वर गुंडाळली आणि एक पाय बाकावर लांब केला.

"मग आता बघा की."

मीनाबाईंची कंबर धरली होती. घरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या बाकाशेजारी खाली बसल्या आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.